ओरडणारी धवलारीण

चिंचणीच्या हिराबाईचा गळा देवाने घाईगडबडीत घडवला असावा. आवाज वाळू भरल्यासारखा घोगरा, आणि मोठा इतका की बोईसरच्या बाजारात तिने "ताजे बोंबील" अशी हाक दिली की मांजरंसुद्धा आधी दचकत आणि मग जवळ येत. बाजारात असा गळा म्हणजे भांडवलच. पण हिराची आई गोदूबाई ही गावची धवलारीण, आणि खरं दुखणं तिथे होतं.

मांगेल्यांच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या, लग्नात भटजी एकवेळ उशिरा आला तरी चालतं, धवलारणीवाचून मात्र पान हलत नाही. ती नवरीच्या कानाशी बसून धवला गाते तेव्हा हळद लागते. ती पाठवणीचा धवला गाते तेव्हा पोर उंबरा ओलांडते. हा मान आईकडून लेकीकडे जायचा, आणि गोदूबाईला लेक एकच. गोदूबाईचा आवाज कोवळ्या ताडगोळ्यासारखा. तिच्या लेकीने धवला म्हणायला तोंड उघडलं की ती कपाळाला हात लावायची.

"तुज्या गल्यानं धवला म्हंटला तं नवरी मांडवातून पलून जाईल," ती म्हणायची. "तू आपली बोंबील वीक."

हिरा हसण्यावारी न्यायची. पण आईनंतर मान चुलतबहिणीकडे जाईल ही गोष्ट तिच्या घशात काट्यासारखी अडकली होती. नवरा पुंडलिक होडीवर, घरात कमी आणि पाण्यावर जास्त; त्याच्याशी बोलून उपयोग नव्हता. काटा तसाच राहिला.

अठ्ठ्याहत्तर साली तिचा मोठा भाऊ महादू, परदेशी बोटीवर खलाशी होता तो, सुट्टीवर घरी आला. आणलेल्या सामानात एक टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या आत एक कॅसेट विसरलेली. लंडनच्या बंदरात बोट दुरुस्तीला लागली असताना गोदीवरच्या एका पोराने महादूला एका तळघरात नेलं होतं. तिथे तीन पोरं गिटारी बडवत होती आणि चौथा घसा फाटेस्तोवर ओरडत होता. ऐकणारे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. महादूने ते टेपवर भरून घेतलं ते केवळ गंमत म्हणून, घरी गेल्यावर कुणाला खरं वाटणार नाही म्हणून. ती टेप आता त्याने घरच्यांपुढे लावली.

"त्याला पंक म्हणतात," महादू सांगत होता. "कानात, गालात साडीच्या पिना खुपसून येतात. वाजवता कोनालाच येत नाय. मी त्या पोराला विचारला, गाता येत नाय तं गातात कशाला? तो म्हनला, ज्याला बोलायचा हाय त्यानं वर चढायचा. गाता येवो, न येवो."

"पिना तं आमी पदराला लावतो," गोदूबाई म्हणाली आणि कानावर हात ठेवून आत गेली.

हिरा मात्र जागची हलली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. या पोरांना वाजवता येत नव्हतं, पण त्यांनी अंगणाला दोष दिला नव्हता, अंगण तुडवून काढलं होतं. शब्द तिला एकही कळला नाही. पण भांडण कळलं. बाजारात जन्म गेलेल्या बाईला भांडण कोणत्याही भाषेत कळतं. आणि ओरडणाऱ्या पोराचा गळा तिच्यासारखाच घोगरा होता, आणि तरी माणसं त्याच्यापुढे उड्या मारत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

महादू परत बोटीवर गेला, टेपरेकॉर्डर हिराकडे राहिला. काठ्यांवर बोंबील टांगताना ती टेप लावायची. गावाने नाकं मुरडली, मग नाव पाडलं: हिराची ओरड. मग ती टेप बाजारात घेऊन गेली. शेजारच्या कोळणी भांडल्या, पण त्यांचं भांडण टेपमधल्या भांडणात बुडून गेलं.

बाजारात तिला पहिला सोबती मिळाला. भगवंत हा साताऱ्याकडचा, बोईसरला मागावर काम करणारा, बेटेगावात खोली घेऊन राहणारा. रविवारी मासळी घ्यायला आला आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.

"हे काय लावलंया, हिराताई?"

"ओरड हाय. नको तं पुढं व्हा."

"न्हाई, न्हाई. आमच्या मागाच्या खात्यातबी असाच आवाज असतोय. दिवसभर त्यात राहून घरी गेलो की भजनं ऐकू येत न्हाईत, बायकू बोलती ते ऐकू येत न्हाई. हे मातुर लख्ख ऐकू येतंय."

मग दर रविवारी तो यायचा. मासळी निमित्ताला. पुढे खात्यातले आणखी दोघं आले, मग पाच-सहा. बाजार उठला की टोपल्या पालथ्या घालून ही मंडळी बसायची, आणि एकही शब्द न कळता माना हलवायची. कुणी म्हणायचा हा पोरगा मालकाला शिव्या देतोय, कुणी म्हणायचा प्रेमभंग झालाय. हिरा म्हणायची, त्याला कोणी घरात घेत नाय. प्रत्येकाने आपापली ओरड त्याच्या तोंडी घातली होती. प्रेम असंच करतं, दुसरं काय.

स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याने त्या टेपच्या नकला काढल्या आणि वर लिहिलं, 'बोंबीलवालीची टेप'. मग ती रिक्षात वाजू लागली, पानाच्या गादीवर वाजू लागली. पोरं शर्टाच्या बाह्या फाडून फिरू लागली. भगवंताला याचा भयंकर राग. "ही पोरं नुसती दंगा करायला ऐकत्यात," तो म्हणायचा. "आपुन ऐकत होतो तवा ते गाणं होतं." पहिल्या भक्ताचा हा आजारच असतो. देव सगळ्यांनी पुजावा असं त्याला वाटतं, आणि देवळात गर्दी झाली की त्याला देव बाटल्यासारखा वाटतो.

पंच्याऐंशी साली महादूची मुलगी बायडी हिची हळद होती. तोवर लग्नात बँजोपार्टी आली होती, आणि तिच्यामागून डोक्याएवढे कर्णे. संध्याकाळी मांडव भरला. गोदूबाई नातीच्या कानाशी बसली आणि तिने धवला सुरू केला. बँजो दणाणत होता.

"आजी, काय ऐकूच नाय येत," बायडी म्हणाली.

गोदूबाईने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. हळदीची वाटी घेतलेल्या बाया ताटकळल्या, कारण धवल्याशिवाय हळद लावायची कशी? आणि बँजोवाल्यांना थांबवायचं कुणाच्या मनात नव्हतं. म्हातारीने पदर सारखा केला आणि ती जमिनीकडे बघत राहिली. ते हिराला बघवलं नाही.

ती उठली, बँजोवाल्याच्या हातातला माइक तिने ओढला आणि आईचा धवला ओरडायला सुरुवात केली. चाल सोडून, दुप्पट वेगाने, बाजारातल्या गळ्याने. मग ढोलवाल्याने तिचा ठेका पकडला, बँजोने मागून धाव घेतली, आणि सगळा मांडव उठून नाचू लागला. बायडीला हळद लागली. बायडी हसत होती, रडत होती.

त्या दिवसापासून हिराची चाल पसरली. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत 'हिराबाईची हळद' हवी म्हणून माणसं येऊ लागली. गोदूबाईने हळदीचे सगळे धवले लेकीला दिले, पण तोंडावर कधी धवलारीण म्हटलं नाही. पाठवणीचा धवला तर दिलाच नाही. "तो मागू नको," एवढंच म्हणायची. हिराही मागायची नाही. दोघी हट्टाच्या सारख्याच पक्क्या.

वर्षं गेली. हिराचं नाव झालं आणि धवले आखूड झाले. लोकांना शब्द नको होते. त्यांना ती आरोळी हवी होती, कडव्याच्या शेवटची, 'हो गो हो'. बारा कडव्यांची चार झाली, चारांचं एक. दुसऱ्या बँजोपार्ट्यांनी तिची चाल उचलली, तिच्यावर सिनेमाचे शब्द चढवले. बाजारातली जुनी मंडळी पांगली. भगवंत तेवढा टिकला, पण मागांनी त्याचे कान खाल्ले होते; आता तो टेपला कान चिकटवून बसायचा.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात एका दुपारी मायलेकी बोंबील टांगत होत्या. गोदूबाई आता वाकली होती. ती एकाएकी म्हणाली, "हिरे, ती तुजी टेप लाव."

एवढ्या वर्षांत तिने ती कधी धड ऐकली नव्हती. आता हातातलं काम खाली ठेवून तिने पूर्ण ऐकली. टेप जुनी झालेली, मध्येच खरखरत होती. संपल्यावर म्हातारीने पुन्हा एक बोंबील हातात घेतला.

"बिचारी पोरां," मग ती म्हणाली. "त्यांचा कोनी आयकत नव्हता म्हनून वराडत होती. तुजा तं आता सगले आयकतात. मंग तू कशाला वराडते?"

हिराने टेपरेकॉर्डर उचलला आणि आत नेऊन ठेवला. तिला राग आला, आणि राग आला म्हणजे आई खरं बोलली हेही तिला कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात भगवंताच्या लेकीचं, सुलूचं, लग्न ठरलं. त्यांच्यात धवल्याची रीत नाही. पण पोर बेटेगावात वाढली, आणि भगवंताने हट्टच धरला की धवला हिराताईचाच हवा, आणि गोदूमावशीनेही यायचं. दोघी गेल्या.

हळदीच्या मांडवात एका कडेला बँजो धिम्याने वाजत होता, आणि पोरांनी आधीच गिल्ला केला, "हो गो हो, हो गो हो!" हिराने माइक बाजूला ठेवला आणि सुलूच्या कानाशी बसून हळू आवाजात सुरुवात केली. घोगरा गळा हळू आवाजात फारच उघडा पडतो. पोरं हिरमुसली. काही जेवायला निघून गेली. समोर भगवंत बसला होता. कानामागे हात धरून, मान पुढे काढून, डोळे बारीक करून तो लेकीचा धवला शोधत होता.

"हिराताई, मला येत न्हाई ऐकू," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की सोजराबाईने, त्याच्या बायकोने, तोंड फिरवलं.

हिराने आईकडे पाहिलं. मग ती उठली, नवरीला सोडून नवरीच्या बापाजवळ जाऊन बसली आणि त्याच्या कानात ओरडू लागली. असं कुणी कधी केलं नव्हतं. बाया कुजबुजल्या. तिने बाराही कडवी म्हटली, एकही गाळलं नाही. आरोळी कुठेच घातली नाही. लेकीला न्हाऊ घालणारा हात, तिला खांद्यावर बसवणारा हात, आता रिकामा होणारा हात, हे सगळं त्या बहिऱ्या माणसाच्या कानात शब्दाशब्दाने गेलं. भगवंत लहान मुलासारखा रडला. बँजो कुणी बंद केला ते समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला गोदूबाई दारात उभी राहिली. तिने पाठवणीचा धवला धरला, पहिली ओळ म्हटली आणि दम लागून थांबली. तिने हिराचं कोपर पकडलं.

"पुढं तू."

"मला येत नाय, आये. तू दिलास कुटं?"

"आता देते. मी सांगते, तू वराड. बापाला आयकू गेला पायजे."

आणि ती लेकीच्या कानात सांगू लागली, "उंबऱ्या रे उंबऱ्या, वाट दे..."

"उंबऱ्या रे उंबऱ्या, वाट दे!" हिरा ओरडली.

"पोर माजी निगाली, दिवा घे..."

"पोर माजी निगाली, दिवा घे!"

ओळीमागून ओळ अशी आली, आधी कानात, मग रस्त्यापर्यंत. सुलू उंबरा ओलांडून गेली. सोजराबाई डोळे पुसत धवलारणीच्या मानाचं लुगडं आणि नारळ घेऊन आली, आणि वडीलधारी म्हणून गोदूबाईच्या ओटीत घालायला वाकली. म्हातारीने ओटी मागे घेतली.

"मला कशाला?" ती म्हणाली. "धवलारीण ती हाय. तिला दे."