उघड्या दाराची खोली

पोलक्याचं पहिलं बटण काढून तिथंच अडलेली आत्याची बोटं मला अजून दिसतात. कापूस वेचून खरबरीत झालेली ती बोटं एरवी कशालाही अडायची नाहीत. पण त्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि केसपेपर धरून रांगेत उभी असलेली अनोळखी माणसं आत पाहत होती.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. दारव्ह्याजवळच्या खेड्यात नवऱ्यामागे एकटीनं शेती केलेली, शाळेसाठी मला सहा वर्षं आपल्या घरी ठेवून घेतलेली. शहात्तराव्या वर्षी तिच्या छातीत गाठ आली, ती तिनं कित्येक महिने पदराआड लपवली. कळलं तेव्हा मी तिला यवतमाळला एका दवाखान्यात नेलं.

तपासणीच्या त्या खोलीत तिनं हळूच दाराकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता, तिला नव्हे, मला सांगितलं, "या वयात आता कोण बघतंय? समजवा त्यांना."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिनं तिथंच भांडायला हवं होतं ती मी, नंबर जाईल या भीतीनं म्हणाले, "आटप ना, आत्या."

तिनं काढलेलं बटण पुन्हा लावलं. "कोण पाहते म्हून काय इचारता, डॉक्टरसाहेब? मी पाहून राह्यली ना," एवढंच ती शांतपणे म्हणाली आणि डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली.

पुढं कधीतरी तो केसपेपर माझ्या हाती आला. त्यावर शेरा होता: रुग्ण सहकार्य करीत नाही. त्या चार शब्दांनी आजही माझ्या अंगाची लाहीलाही होते. देहाला व्याधी जडली म्हणून त्या देहात राहणारं माणूस काय उठून निघून जातं? केस पिकले की लाज, भीती, आब सारं गळून पडतं आणि तपासायचा तेवढा एक अवयव उरतो, हे कोणत्या शास्त्रानं शिकवलं? पण हे प्रश्न मी कोणत्या तोंडानं विचारू? त्या दिवशी आम्ही एसटीनं परतलो. दारव्ह्याला उतरल्यावर आत्या म्हणाली, "त्याइच्यासाठी मी परकी होती. तुह्यासाठी तं नोती ना?"

तीन आठवडे ती घरातून हलली नाही. गाठ मात्र थांबलेली नव्हती. शेवटी मी एकटीच दवाखान्यात गेले. तिथल्या वयस्क सिस्टरनी सांगितलं, की दाराची कडी केव्हाचीच तुटलीय, पडद्यासाठी त्यांनी कितीदा तरी लिहून दिलंय. म्हणाल्या, "तुम्हीच एखादं कापड आणा, मी बांधते." हे ऐकल्यावर आत्यानं पेटीतलं आपलं हिरवं लुगडं काढलं आणि यायला तयार झाली.

लुगड्याचं एक टोक सिस्टरनी खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं कपाटाच्या कडीला. आत्यानं मला आत बसवून घेतलं, माझा हात धरला. तेच डॉक्टर आले. कापड बाजूला सारायला उचललेला त्यांचा हात सिस्टरच्या नजरेनं थबकला. थोड्या वेळानं कापडाबाहेरून त्यांचा आवाज आला, "आजी, आत येऊ का?"

आत्यानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "या." या वेळी बटणं काढताना तिची बोटं अडली नाहीत.

सिस्टरपुढं मी हात जोडले. दवाखान्याविषयी मात्र मला कृतज्ञता वाटली नाही, आजही वाटत नाही. एवढा एक प्रश्न कानी पडावा म्हणून शहात्तर वर्षांच्या आजारी बाईनं घरून लुगडं आणायचं? आणि जिला बोलता आलं नाही, जिच्यासोबत कुणीच आलं नाही, तिनं काय करायचं?

आम्ही लुगडं सोडू लागलो, तेव्हा बाकावरची एक म्हातारी उठून जवळ आली. "माहा नंबर होईस्तोवर हे राहू द्याल का, बाई?"

आत्यानं सोडलेली गाठ पुन्हा बांधली.

पुढं तिची शस्त्रक्रिया झाली. हळूहळू ती सावरली. दवाखान्यानं पडदा अजून लावलेला नाही. लुगडं तिथंच आहे. आत्या ते परत मागत नाही. तपासणीला गेली, की तेवढं धुवायला घरी आणते, आणि पुन्हा नेऊन बांधते.