मिस्टरांनी बाहेर थांबायचं

"मिस्टरांनी बाहेर थांबायचं. मिसेसना पाठवा," असं म्हणत सुलभामावशींनी निखिलला पुन्हा दारातून परत फिरवलं. तो जिन्यात कठड्याला धरून वाकला होता.

आमचं सोनोग्राफी सेंटर डोंबिवलीत आहे. मी तिथे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे सोनोग्राफी करून रिपोर्ट देणारी डॉक्टर. सकाळचा वेळ लेडीज पेशंटचा. दारावर पाटी, 'फक्त स्त्रियांसाठी'. बायका आत, नवरे जिन्यात पर्स सांभाळत. अटेंडंट सुलभामावशी या नियमाच्या एकदम पक्क्या.

पुढचा पेशंट येईना म्हणून मी बाहेर डोकावले.

"मावशी, निखिल कुठाय?"

"तो दाढीवाला? मघापासून एकटाच येतोय. बायको काही आणत नाही."

"बायको कशाला? पेशंट तोच आहे."

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाढीकडे.

निखिल ट्रान्स पुरुष आहे. जन्माला आला तेव्हा मुलगी म्हणून नोंद झाली. आता हार्मोनची औषधं घेतो, त्यामुळे दाढी आली, आवाज बदलला. अंडाशयं मात्र शरीरात आहेत, आणि ती कुणाचीही आजारी पडतात तशीच आजारी पडतात. पहाटेपासून त्याच्या पोटात कळा येत होत्या. गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसतोय, असा त्याच्या फॅमिली डॉक्टरांना संशय होता. पीळ बसला की रक्त पोचत नाही. उशीर झाला तर अंडाशय काढूनच टाकावं लागतं.

ही तपासणी पोटावरून करायची तर लघवीची पिशवी भरलेली लागते. ती आमची खिडकी, तिच्यातून मागचं दिसतं. आतून तपासायचा दुसरा मार्ग असतो. तो निखिलला नको होता. शरीर त्याचं, विषय संपला. म्हणून तो बिचारा भरपूर पाणी पिऊन आला होता.

तेवढ्यात सर, म्हणजे सेंटरचे मालक, केबिनमधून बाहेर आले.

"अगं, लेडीजच्या वेळेत जेन्ट्स? बायका तक्रार करतील. त्याला दुपारी बोलाव ना, सगळे गेले की."

"सर, पीळ दुपारपर्यंत थांबत नाही. आणि सगळे गेल्यावर का? तो काय चोरीचा माल आहे?"

"झालं तुझं भाषण सुरू."

"भाषण नंतर देते. आधी त्याला टेबलावर घेऊ दे. उपचारात भेदभाव करायचा नाही, असा कायदा आहे सर."

निखिल हळूच म्हणाला, "मॅडम, राहू दे. कळव्याच्या सेंटरमध्येही असंच झालं. बाथरूम कुठेय तेवढं सांगा, मी जातो."

गेला असता तर परत आला नसता.

"ए बाबा, लघवीला जाऊ नको हां!" आतून टिटवाळ्याच्या एक काकू ओरडल्या. निखिलनंतरचा नंबर त्यांचाच होता. "मी मघाशी तोच घोळ केला. आता परत पाणी ढोसत बसलेय."

सरांनी संधी साधली. "काकू, हे आत आले तर तुमची काही हरकत?"

"हरकत कसली डॉक्टर? इथे सगळ्यांची टाकी फुल आहे. कोण कोण आहे ते निवांत बघा, आधी लाइन हलवा!"

"काकू, हसवू नका हो," कोपऱ्यातून एक मुलगी कळवळली, "सांडेल!"

सगळ्या हसल्या. वाकलेला निखिलही हसला आणि लगेच त्याने पोट धरलं. सर काहीतरी पुटपुटत केबिनमध्ये गेले. मावशींनी पुढे होऊन त्याचा दंड धरला.

"चल दादा. चप्पल बाहेर काढायची."

स्क्रीनवर गाठ दिसली, पीळही दिसला. रक्त कमी पोचत होतं, पण पोचत होतं. मी लगेच ठाण्याच्या सर्जनना फोन लावला. त्याच दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि अंडाशय वाचलं. पुढे त्याचं काय करायचं ते निखिल ठरवेल. ठरवायला ते शिल्लक राहिलं, माझं काम तेवढंच होतं.

आता दारावर नवी पाटी आहे: 'ज्यांची तपासणी, त्यांनीच आत यावे'. कल्पना आपलीच, असं सर सगळ्यांना सांगतात. नवरे अजूनही जिन्यातच असतात. मावशी दारात दोनच गोष्टी विचारतात: पेशंट कोण, आणि पाणी प्यायलात का. सोनोग्राफीला याहून जास्त माहिती लागत नाही.