नवा कोरा

गुलमंडीच्या बाजारात झेंडूचा वास आला की मला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला तो संगणक आठवतो. मला दिसत नाही, म्हणून पडद्यावरचं वाचून दाखवणारा संगणक हवा यासाठी मी वर्षभर मागे लागले होते. अखेर तो आला, झेंडूचा हार घालून, नारळ फोडून उद्घाटनही झालं. दुसऱ्या दिवशी प्रबंध लिहायला धावत गेले, तर हाताला लागलं कीबोर्डवरचं जाड प्लॅस्टिक. हेडफोन कपाटात बंद. "चावी प्राचार्य सरांकडं हाय, अन् सर गेलेत पैठणला," ग्रंथपाल म्हणाले. "खराब झाला तर ताई, जिम्मेदार कोण?" रोज खेटे घालून शेवटी मी तोंडी सांगून मैत्रिणीकडून प्रबंध लिहून घेतला. त्याची प्रत ग्रंथालयात द्यायला गेले, तेव्हा ग्रंथपाल कौतुकानं म्हणाले, "बघा ताई, अजून कसा नवा कोरा ठेवलाय!" परवा कळलं, तो संगणक भंगारात गेला. नवा कोराच.