रायपूरची सेमीफायनल आणि एक वर गेलेला हात

ताईचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेत होते. "मंगल, शनिवारी शरूची सेमीफायनल आहे. येतेस काय?" मी म्हटलं, विचारतेस काय, निघालेच! वर्ध्याहून रायपूर म्हणजे काही विलायत नाही. सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या चहाला माणूस पोचतो. तरी गेल्या सहा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते, ही माझी लाज.

शरू म्हणजे शर्वरी, माझी भाची. भाऊजी रेल्वेत, बदली होऊन रायपूरला गेले आणि तिथलेच झाले. शरू तिथेच वाढली. मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीत. आणि हॉकी खेळते, राइट बॅक. हॉकीची किडनी तिला माझ्याकडून मिळाली असं ताई म्हणते. (शब्द ताईचाच, माझा नाही.) मीही एके काळी विद्यापीठाकडून सेंटर हाफ खेळले आणि आता तेवीस वर्षं वर्ध्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवते.

या सामन्याचं महत्त्व आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. राज्य नवं, राजधानी नवी. पूर्वी इथल्या मुलींना निवडीसाठी भोपाळच्या वाऱ्या कराव्या लागत, तिथे यांना विचारतो कोण! आता राज्याचा स्वतःचा ज्युनिअर संघ आहे आणि तो फायनलला पोचलेल्या दोनच संघांतून निवडणार होते. शरूचं हे ज्युनिअरचं शेवटचं वर्ष. सेमीफायनल जिंकली तर राज्याच्या संघाचं दार उघडं, हरली तर वय उलटलं. मध्ये काही नाही.

गाडीबद्दल. साधा स्लीपर पुरतो, पण दिवसाची गाडी घ्या. गोंदिया सोडलं की जंगल सुरू होतं, एक बोगदा लागतो, मग डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं आणि अख्खा डबा हात जोडतो. जेवणाचा डबा घरून न्या. मी नेला होता, शेजारच्या काकूंनी अर्धा संपवला. स्टेशनबाहेर ऑटोवाले वाटेल ते भाडं सांगतात. रागावू नका, चालायला लागा, चार पावलांवर भाव उतरतो. माझ्या ऑटोवाल्याला ब्राह्मणपारा म्हटलं तर म्हणाला, "हव दीदी, पर गली में गाड़ी नहीं जाएगी." आणि खरंच नाही गेली. जुनी घरं, दर वळणावर देऊळ, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. मी बॅग ओढत ताईच्या दारात पोचले तेव्हा घामाघूम झाले होते.

त्याच संध्याकाळी शरू मला स्कूटीवर मागे बसवून सरावाला घेऊन गेली. मैदान भनपुरीकडे. ट्रकांच्या रांगा, टायरची दुकानं, धूळ, आणि त्या सगळ्याच्या मागे मातीचा एक मोठा चौकोन. कोच एकटे, मुली पन्नासेक, तीन ठिकाणी तीन खेळ चाललेले. आणि तिथे मी जे पाहिलं ते आजवर कुठेच पाहिलं नव्हतं. चेंडू पायाला लागला की ज्या मुलीला लागला ती स्वतःच हात वर करायची. खेळ थांबायचा, चेंडू समोरच्यांना मिळायचा, पुन्हा सुरू. ना शिट्टी, ना भांडण. आठ-नऊ वर्षांच्या चिमुरड्यासुद्धा! हॉकीत पायाला चेंडू लागणं हा फाऊल, एवढं तुम्हाला माहीत असेलच. पण तो स्वतः कबूल करणारी जमात मी पहिल्यांदा पाहिली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"मावशी, सर अकेले हैं ना. किस-किस को देखेंगे? जिसको लगा उसको तो पता ही रहता है."

मला हसू आलं. कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या शाळेत मी मुलींना वेगळंच शिकवत आले होते: शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहायचं.

तिथेच संघाची कॅप्टन भेटली, हेमिन. भनपुरीचीच, वडील ट्रक चालवतात. बुटकी, काटक, बोलणं कमी. सेंटर हाफ असल्यामुळे माझा जीव तिच्यावर लगेच जडला. तिचंही शेवटचं वर्ष. राज्याकडून खेळली तर खेळाडूंच्या जागेवर नोकरीचा अर्ज भरता येणार होता. हे तिने नाही सांगितलं, शरूने परतताना सांगितलं.

शनिवारी सकाळी ताईने मला पंडरीच्या कापडबाजारात ओढत नेलं. कोसा रेशमाची साडी घ्यायची असेल तर तिथे जरूर जा, पण सोबत ताईसारखं कुणीतरी न्या. तिने एका दुकानदाराला पाऊण तासात असा जेरीस आणला की शेवटी त्याने आम्हालाच चहा पाजला. साड्या सुंदर होत्या. माझं लक्ष घड्याळात होतं.

सामना तीनला. निळं टर्फ, पाणी मारून ओलं केलेलं. समोर नांदगावच्या मुली. राजनांदगाव म्हणजे हॉकीचंच गाव, तिथे पोरी चालायच्या आधी स्टिक धरतात असं इथे गमतीने म्हणतात. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की त्यांनी शरूची बाजू हेरली आहे. त्यांची डावी विंगर वाऱ्यासारखी पळायची आणि दर वेळी शरूच्या अंगावर यायची. शरू आधी दोनदा फसली. चेंडू ओढायला पुढे झेपावली आणि ती पोरगी बाजूने निघून गेली. माझ्या हाताच्या मुठी झाल्या. मग शरूने डोकं लावलं. झेपावणं बंद केलं, मागे मागे सरकत तिला बाहेरच्या रेषेकडे ढकलायला लागली, जिथून मारायला जागाच उरत नाही. बॅकचं अर्धं काम वाट पाहण्याचं असतं. एकोणिसाव्या वर्षी ते कळणं सोपं नाही, मला तिशीत कळलं होतं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये हेमिनने मधल्या रेषेवर चेंडू हिसकावला, एकटीने तिघींना चकवलं आणि पास असा दिला की पुढच्या मुलीने नुसती स्टिक लावायची होती. एक-शून्य! ताई उभी राहून ओरडली, तिला ऑफसाइड असतो की नसतो हेही माहीत नाही. तिसऱ्यात नांदगावने बरोबरी केली, गोलकीपरच्या पॅडवरून उडालेला चेंडू, कुणाचीच चूक नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन्हीकडच्या मुलींचे पाय जड झाले होते. अशा वेळी सामना पायांवर नाही, सवयींवर चालतो. दमलेला खेळाडू विचार करत नाही, त्याचं शरीर त्याला जे येतं ते करतं.

दोन मिनिटं उरली होती. नांदगावचा एक जोरदार फटका आमच्या गोलसमोरच्या डीमध्ये आला, दोघीतिघींच्या गर्दीत शिरला आणि बाहेर थेट हेमिनकडे. हेमिन सुटली! पुढे मैदान मोकळं, त्यांची एकच बॅक. मी बाकावर चढले. एवढ्यात शिट्टी. हेमिन मधली रेषा ओलांडून गेली होती, तिला ऐकूच आलं नाही. वळून पाहिलं तर आमच्या डीमध्ये शरू हात वर करून उभी होती.

चेंडू तिच्या बुटाला लागला होता. अंपायरने पाहिलं नव्हतं, मध्ये दोन मुली होत्या. नांदगावच्या मुलींनीही फाऊल मागितला नव्हता, एकीनेही नाही. अंपायरने पाहिला तो शरूचा हात. डीमध्ये बचाव करणाऱ्याच्या पायाला लागला की पेनल्टी कॉर्नर.

राग आला की माझी भाषा शाळेतली राहत नाही. "काहून वो पोट्टी, काहून!" मी ओरडले. शरूने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. मला अजूनही तिचा तो चेहरा दिसतो.

पेनल्टी कॉर्नरवर चेंडू आला, थांबला, आणि मागच्या फळीवर खाडकन वाजला. दोन-एक. संपलं.

मी खाली गेले तेव्हा मुली टर्फच्या कडेला बसल्या होत्या. कोणी रडत होतं, कोणी बूट सोडत होतं. कोच शरूजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टिका गोळा करायला गेले. रागावणार तरी कसे? नियम त्यांचाच होता. मग हेमिन आली. आवाज चढवला नाही.

"वो प्रैक्टिस का था, शर्वरी. मैच का नहीं था."

"पता नहीं कैसे उठ गया."

"तूने अपना हाथ नहीं उठाया. हम सबका उठा दिया."

शरू खाली वाकून बूट सोडायला लागली. खरं सांगते, एकटीची संधी गेली असती तर मी तिला मिठी मारली असती आणि अभिमानाने वर्ध्यात सगळ्यांना सांगितलं असतं. पण तिच्या खरेपणाची किंमत हेमिनने भरली होती, आणि हेमिनला कोणी विचारलं नव्हतं.

परतताना मी शरूला फरा खायला थांबवलं. भाताचे वाफवलेले लांबट तुकडे, वर तीळ-मोहरीची फोडणी, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. रायपूरला गेलात तर हॉटेलात नको, गाडीवरच खा, पोट भरतं आणि खिसाही रडत नाही. शरूने तिच्या ताटलीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. "मैं नहीं जाऊँगी," म्हणाली. "फिर से उठ गया तो?"

तेव्हा माझ्यातली पी.टी.ची बाई जागी झाली. मी म्हटलं, "नाही उठणार. चेंडू पायाला लागला की दोन्ही हात स्टिकवर गच्च आवळायचे आणि पळायचं. शिट्टी वाजवणं अंपायरचं काम आहे, तुझं नाही."

"ग़लत नहीं लगेगा?"

"लागेल. एकदा लागेल, दोनदा लागेल. तिसऱ्यांदा काही वाटत नाही." आणि मी तिच्या ताटलीतला फराही संपवला.

घरी भाऊजी पेपर वाचत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले तं पोट्टीचं काही चुकलं असं वाटून नाही राहिलं." ताई खेकसली, "तुमाले काय! तुमी मॅच पाहाले तरी आले होते काय?" भाऊजींनी पुन्हा पेपर वर केला. मीही ताईच्याच बाजूने होते.

रविवारी सकाळी शरू गेली. समोर बिलासपूरच्या मुली. पहिला क्वार्टर कोणी तिला फारसे पास दिले नाहीत, बघायला जड गेलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या डीमध्ये चेंडू तिच्या टाचेला लागला. मला बाकावरून स्पष्ट दिसलं, आणि हेमिनला तिच्या शेजारून. शरूचा उजवा हात स्टिकवरून सुटला, कमरेएवढा वर आला, आणि परत स्टिकवर गेला. दोन्ही हात गच्च. ती चेंडू घेऊन पळाली. शिट्टी वाजली नाही. हेमिनने पळता पळता तिच्या पाठीवर थाप मारली, "शाबाश!" त्यानंतर शरूला पास मिळायला लागले. जिंकलो. गळ्यात पदकं पडली. फोटोत सगळ्या हसताहेत, शरूही. मीच तो फोटो काढला आणि म्हटलं, झालं एकदाचं मार्गी.

दुपारच्या गाडीने परत निघाले. जाताना घेतलेली खिडकी येताना मिळाली नाही, आरक्षण आधी करा. राज्याचा संघ नंतर जाहीर झाला, त्यात दोघींची नावं नव्हती, असणारच नव्हती.

वर्ध्याला आल्यावर मला वाटलं होतं, आठवणीत नांदगावच्या विंगरची धाव राहील, हेमिनचा तो पास राहील. राहिला तो कमरेपर्यंत येऊन परत गेलेला हात. मंगळवारी मी माझ्या शाळेतल्या मुलींना म्हटलं, आजपासून पायाला लागलं की स्वतः हात वर करायचा. सगळ्या खो खो हसल्या. "मॅडम, मग आपण जिंकणार कशा?" मी शिट्टी वाजवली आणि सराव सुरू केला. पण सबंध तासभर त्यांच्या पायांकडेच बघत राहिले. भनपुरीच्या त्या धुळीत पन्नास मुली शिट्टीशिवाय खेळत होत्या, आणि मी वर्ध्याहून जाऊन त्यातल्या एकीला शहाणं करून आले होते.

गुरुवारी मी शरूला फोन लावला. म्हटलं, "बेटा, त्या दिवशी फरा खाताना मी तुला जे सांगितलं ना, ते चुकलं माझं. हात वर जात असेल तर जाऊ दे. हेमिनला काय सांगायचं ते मी सांगेन, सरांना मी सांगेन."

पलीकडे सरावाचा आवाज येत होता, चेंडूवर स्टिक, चेंडूवर स्टिक.

"अब बता रहे हो, मावशी?" म्हणाली. "कल प्रैक्टिस में लगा था. सबने देखा. मैंने उठाना भी चाहा. नहीं उठा."