छतातले दिवे आणि भावकीतला वायरमन

नवं घर बांधलं की लोक पाहुण्यांना हॉल दाखवतात. आमच्याकडे पाहुणे पाय धुवायच्या आधीच विचारतात, "लागले का हो स्वयंपाकघरातले दिवे?" मग मी चहा टाकते आणि एखादा किस्सा सांगते. चहा संपतो, किस्से उरतात.

मुळात सासूबाईंची इच्छा साधी होती. जुन्या घरात त्यांनी जन्मभर एका मिणमिणत्या बल्बखाली रांधलं. कुंभिवलीत नवं घर उभं राहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "औंदा गवर येल तवा माजं सैपाकघर लख्ख दिसू दे."

त्या खोलीला खिडकी नाही. मागच्या भिंतीला चुलत दिराचं, नरेशभावजींचं घर लागून आहे. म्हणजे सगळी मदार दिव्यांवर. म्हणून आम्ही पीओपीचं छत केलं आणि त्यात गोल गोल दिवे बसवले. बसवले नरेशभावजींनीच. भावकीत वायरमन असताना बाहेरचा आणला, तर लग्नकार्यात तोंड कुठे दाखवायचं?

*

दिवे लागले, पण विझेनात. बटण बंद केलं तरी मंद जळतच राहायचे. मी भावजींना हाक मारली. त्यांनी कानावरचा टेस्टर काढला, इथे तिथे टोचला आणि परत कानावर ठेवला.

"वयनी, लोकांची तक्रार असते की दिवं लागत नाय. तुमची विझत नाय म्हनून?"

नंतर दिवे एकेक करून आपोआप विझत गेले, ते कायमचेच.

*

ओट्यावरचा एक तेवढा टिकला होता. फोडणीची वाफ खाऊन खाऊन त्याला छतात धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा सैल झाल्या. सासूबाई भाकरी भाजत होत्या आणि तो जळता दिवा छतातून निसटला, वायरीला लोंबकळत बरोबर तव्याच्या वर येऊन थांबला. मी किंचाळले. सासूबाईंनी शांतपणे भाकरी उलटली.

"राहू दे गं तितंच. आता कुठं भाकर दिसाय लागली."

*

माझा धीर सुटला. भावजी कामावर गेले असतील असं धरून मी शिळफाट्यावरून एक वायरमन बोलावला, गुपचूप. माणूस चांगला होता, फक्त शिडी आणायला विसरला होता. मी आत चहा ठेवतेय तोवर तो शेजारून शिडी मागून घेऊन आला. शिडीमागोमाग शिडीचे मालकही आले. भावजींनी त्या दिवशी सुट्टी टाकली होती.

त्यांनी शिडी उभी केली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्याला म्हणाले, "चढा तुमी. भिऊ नका, शिडी घरचीच हाय."

तो चढला नाही. चहाही न पिता गेला. मला मात्र महिनाभर प्रत्येक हळदीकुंकवात त्या शिडीबद्दल ऐकावं लागलं.

*

गौरी जवळ आल्या. सगळेच दिवे बदलायचं ठरलं. आता मापाचा प्रश्न आला. छताला भोकं पाडताना भावजींनी माप घेतलं होतं आपल्या वितीने. आमच्या ह्यांनी दुकानात जाऊन आपली वीत दाखवली. आणलेला दिवा लावायला घेतला, तर तो भोकातून सरळ वर छतात निघून गेला.

भावजींनी मान वर करून पाहिलं आणि निकाल दिला, "भोक बराबर हाय. दादाचा हात लहान."

*

आमच्याकडे गौर आली की तिला खोल्या दाखवतात. दर दारात एकीने विचारायचं, इथं काय हाय? घरच्या मोठीने उत्तर द्यायचं. जे सांगाल ते वर्षभर त्या खोलीत राहतं, असं मानतात. म्हणून सासूबाई उत्तरं आधीच ठरवून ठेवतात. यंदा स्वयंपाकघराचं उत्तर त्यांनी घर बांधायच्या आधीपासून ठरवलं होतं, "इथं उजेड हाय."

भावजी सकाळीच मोठे दिवे घेऊन आले होते. "गवर उंबऱ्यात येल तवा उजेड तयार," म्हणाले.

गौर माझ्या हातात होती. विचारायचा मान धाकट्या काकींचा, म्हणजे नरेशभावजींच्या आईचा. पुढच्या खोलीत सासूबाई म्हणाल्या, "धान्याची रास हाय." देवघरात म्हणाल्या, "देव हाय." नवी साडी सावरत त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

आत काळोख होता. स्टुलावर भावजी उभे होते, एक हात खांद्यापर्यंत छतात, तोंडात टेस्टर. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पण रीत ती रीत, काकींनी विचारलं, "इथं काय हाय?"

सासूबाईंनी छताकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं.

"इथं तुजा नरेश हाय."