आठ दिवसांच्या बागेतली तुळस

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यातल्या आमच्या चौकात आठ दिवसांसाठी बाग-मंडप उभा राहिला. दिवाळी उलटली तरी तो उभाच होता.

चौक जुना. दगडी कमान, मधोमध कोरडा हौद, भोवती दुचाक्या. वारसा जपणाऱ्या एका हौशी समितीला इथे हिरवळीची उणीव जाणवली. तिने लोखंडी सांगाडा उभारला, वर हिरवी जाळी ताणली, खाली प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि भाड्याच्या कुंड्या मांडल्या. कमान पूर्ण झाकली गेली. वारसा अशा रीतीने जपला गेला.

कमानीखाली फुलवाल्या चाची बसायच्या. देवाचे हार असोत की दर्ग्यासाठी फुलांची चादर, माझ्या लहानपणापासून चौक त्यांच्याकडूनच घेत आला. त्यांना मागच्या गल्लीत, कचराकुंडीशेजारी जागा दाखवण्यात आली.

"आठ दिवसांचाच प्रश्न आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

कचराकुंडीजवळची फुलं देवाला कोणी घेईना. लग्नसराईआधी जागा परत मिळाली नाही, तर चाचींचं गिऱ्हाईक कायमचं तुटणार होतं.

उद्घाटनात संस्कृती दिसावी म्हणून समितीने मधोमध तुळशीची मोठी कुंडी ठेवली होती आणि तिच्यापुढे नारळ फोडला होता. लगोलग कोणी हळदकुंकू वाहिलं, मग पणती लागली. मुदत संपल्यावर मंडपवाल्याचा आटपाडीचा गडी सांगाडा सोडायला आला. त्याने चपला काढल्या, तुळशीला नमस्कार केला आणि नट-बोल्ट सोडायचे पाने परत पिशवीत टाकले.

"पूजेतली तुळस हाय. कार्तिकात मी न्हाई हलवणार."

अध्यक्षांनी हा श्रद्धेचा विषय असल्याचं जाहीर केलं. मंडपावरचा त्यांच्या फोटोचा फलकही श्रद्धेतच मोडत असावा. तोही कोणी काढला नाही.

शेवटी चाचीच मंडपात आल्या. "मग लगीन लावा की तिचं. मुंडावळ्या माझ्याकडनं."

तुळशीच्या लग्नाला कोरेगावहून ऊस आला. प्लास्टिकच्या बागेत उसाचा मांडव बांधला गेला. नवरा म्हणून बाळकृष्ण अध्यक्षांच्या देवघरातून आला. मंगलाष्टकं झाली, फोटो झाले. अध्यक्ष बाळकृष्ण उचलून निघाले.

"आवं सायेब, नवऱ्याला एकट्यालाच कुटं नेताय?" चाचींनी विचारलं. "तुमच्यात लगीन लावून पोरगी मांडवातच ठेवत्यात व्हय?"

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "न्या की सासरी! कवापास्नं उभी हाय बिचारी."

"अहो, फ्लॅटमध्ये एवढी कुंडी कुठे ठेवू?"

"आठ दिवसांचाच प्रश्न हाय," चाची म्हणाल्या.

कुंडी टेम्पोतून अध्यक्षांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या गड्याने सांगाडा सोडला. त्याच दुपारी चाची कमानीखाली बसल्या. कुंडी अजून अध्यक्षांच्या बाल्कनीत आहे.