पप्पांची लांबलचक नावं आणि आत्याचे धवले

पप्पांना काहीही थोडक्यात सांगता येत नाही. आत्याचे धवले, म्हणजे आमच्याकडे लग्नात म्हणतात ती गाणी, त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून एका हार्ड डिस्कवर ठेवले, तेही नातीगोती लावून. ‘मोठ्या काकांच्या मेहुणीकडची लग्नं’, त्यात ‘थोरल्या मुलीचं’, त्यात ‘हळद’, त्यात ‘लाइट गेल्यामुळे ओटीवर घेतलेले’. फोल्डरच्या पोटात फोल्डर.

मग आत्याला अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. पाठोपाठ डिस्कही कुरकुरायला लागली. तिचा आवाज तेवढ्या एकाच जागी उरला होता. मी घाबरले.

घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात मी असलेच फाइली हाताळणारे प्रोग्राम लिहिते, म्हणून कॉपी करायला माझाच प्रोग्राम लावला. तो मध्येच अडला. फाइलीचा पूर्ण पत्ता, बाहेरच्या फोल्डरपासून आतपर्यंतची सगळी नावं, ठेवायला मी जी जागा राखली होती, म्हणजे बफर, तिच्यात पप्पांची नावं मावेनात. त्यात मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं.

शेजारी बसणारा मित्र म्हणाला, “अगं, मावेल तेवढं घे, बाकी काप. कोण बघतंय?”

कापलं असतं तर माझ्या लग्नातल्या हळदीच्या, फक्त शेवटी वेगळी नावं असलेल्या दोन फाइलींची नावं एकच झाली असती आणि दुसरी पहिलीवर बसून तिला पुसून गेली असती. पप्पांना फोनवर म्हटलं, नावं छोटी करू या. ते भडकले. “मंग कोनाचा लगीन हाय त्या कलनार कसा?”

त्यांच्यावर चिडूनच मी विचार करत बसले. आमच्या गावात तरी कोण पूर्ण पत्ता सांगतं? खोपटच्या स्टँडवर उतर म्हणतात, पुढचं तिथे विचारायचं. प्रोग्रामलाही तेच शिकवलं. एका फोल्डरात शिर, तिथे उभा राहून फक्त पुढचं नाव विचार. पूर्ण पत्ता कुठे मांडायचाच नाही. त्या संध्याकाळी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरलं.

ऑफिसातून तशीच आत्याकडे गेले. माझ्या हळदीचा धवला लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. मग दुसरी फाइल लावली. तिच्या नावाच्या शेवटी पप्पांनी लिहिलं होतं, ‘गाण्याआधी काय म्हणाली ते’. तिच्यात गाणं नव्हतंच. भांड्यांचा आवाज आणि आत्या, “बाय, पयले जेव. मंग गान.”

मला रडू आवरेना. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग चालतो तो हात तिने हळूहळू तोंडाशी नेला आणि मान हलवून विचारलं.

“नाही गं,” मी म्हणाले, “अजून नाही जेवले.”